डीएपीचे दाणे आणि लोणारचं पाणी

नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी एकदा आम्हाला घरून मूठभर डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत, आणायला लावलं. पेरणीचे दिवस, घरोघरी पोती होतीच. दाणे पाण्यात विरघळवले, पाणी फडक्यातून गाळलं आणि सरांनी त्यात चुन्याची निवळी ओतली. नितळ पाणी दुधासारखं फुटलं, अमोनियाचा वास नाकात शिरला. पांढरा गाळ तळाशी बसेपर्यंत वर्गात कोणी हललं नाही. "पोट्टेहो, स्फुरद अडकला. चुना आता त्याले सोडत नाही."

मग सर एकदम चारशे कोटी वर्षं मागे, पहिला जीव उपजला त्या काळात गेले. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेत विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, मिळवली, ही १९५३ ची गोष्ट त्यांनी सांगितली. पण डीएनए, आरएनएला स्फुरद लागतोच. खडकातून सुटलेला स्फुरद कॅल्शियम असा बांधून टाकत असेल, तर पहिल्या जीवाला तो मिळाला कुठून? मी उत्तर विचारलं. "मलेही माहीत नाही बाबू. तू शोध."

त्याच हिवाळ्यात एसटीने लोणारच्या खाऱ्या तळ्यावर सहल गेली. तळ्यात बुडवलेला लाल लिटमस निळा झाला. काठावरचा खार बोटांत चोळला तर साबणासारखा बुळबुळीत.

आज मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. चुनखडीच्या जमिनीत खत टाकूनही स्फुरद पिकाला का लागत नाही, हे शेतकऱ्यांना सांगताना तो गाळ डोळ्यांपुढे येतो.

२०१९ च्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधनाची बातमी वाचली. कार्बोनेटने भरलेल्या तळ्यांत कॅल्शियम हा स्फुरदाऐवजी कार्बोनेटशीच जोडला जातो आणि स्फुरद पाण्यात मोकळा राहतो. पाणी आटेल तसा तो साचतो, काही तळ्यांत समुद्राच्या ५०,००० पटींपर्यंत. उदाहरणं होती कॅलिफोर्नियातलं मोनो, केनियातलं मगाडी आणि आपलं लोणार! लोणार त्या काळातलं नाही, त्याच्याखालचा काळा दगडच जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. पण ज्वालामुखींच्या ताज्या खडकावर, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या हवेखाली तेव्हा अशी तळी असणार. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांत जीव उपजला असं मानणारेही जाणते आहेत. माझं मन मात्र तळ्याकडेच ओढतं.

बातमीची प्रत घेऊन मी सरांकडे गेलो. चष्मा पुसून त्यांनी ती दोनदा वाचली, लोणारखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"स्फुरद सापडला," ते म्हणाले. "आता त्याची साखळी कशी गुंफली गेली, ते पाय."