घरातल्या घरात एक गल्ली

कुत्र्याला दिसेनासं झालंय हे मुंबईच्या घरात फार उशिरा कळतं. दोन खोल्या त्याला पाठ असतात. नजर गेली तरी तो वाटीपाशी नेमका जातो, बेल वाजली की दाराकडेच धावतो. लक्षात येतं ते कुणीतरी फोल्डिंगची कॉट वीतभर पुढे उघडल्यावर, नाहीतर जिन्यातला दिवा गेलेला असताना तो पहिल्याच पायरीवर अडून बसल्यावर.

शंका आली तर कापसाचा बोळा त्याच्यासमोर फूटभरावरून खाली सोडा. चेंडूचा आवाज होतो आणि बिस्किटाला वास असतो, म्हणून कापूसच. एकेक डोळा झाकून, आधी लख्ख उजेडात आणि मग मंद दिव्यात हेच करा. फक्त मंद उजेडात चुकत असेल तर डोळ्याच्या पडद्याचा हळूहळू वाढणारा आजार असू शकतो. सात-आठ वर्षांच्या पुढे बाहुलीत येणारा निळसर धुरकटपणा मात्र बहुधा वयाचा असतो, त्याने कुत्रा आंधळा होत नाही.

घराची मांडामांड नंतर, आधी डॉक्टर. डोळा लाल आणि ढगाळ, बाहुली पसरलेली, कुत्रा गप्प, जेवणाकडे पाठ, अशी लक्षणं काचबिंदूची असू शकतात. तिथे दिवस नाही, तास मोजायचे. परळच्या बैलघोड्याला, म्हणजे तिथल्या जनावरांच्या इस्पितळात न्या किंवा जवळच्या डॉक्टरकडे, पण डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारा. पाणी फार पितोय, खाऊनही वाळतोय आणि डोळे झपाट्याने पांढरे होतायत, तर रक्तातली साखर तपासा. मधुमेही कुत्र्याचा मोतीबिंदू काही दिवसांतही पिकू शकतो. गोचीडतापात डोळ्यात रक्तस्राव होतो आणि किडनी बिघडून रक्तदाब चढला की पडदा सुटतो, त्यामुळे रक्ताची तपासणी टाळू नका. घरात उरलेले माणसांचे थेंब तर मुळीच नकोत. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल तर जखम चिघळते. काचबिंदूने कायमचा गेलेला डोळा दुखतच राहतो. डॉक्टरांनी तो काढायला सांगितला तर हादरू नका. दिसत तर नसतंच, ठणका तेवढा थांबतो.

आता घर. सगळीकडे एकच सल्ला मिळतो, सामान हलवू नका. वन रूम किचनमध्ये हे म्हणणं सोपं आहे! जिथे दिवसाचा सोफा रात्री पलंग होतो आणि पावसाळ्यात कपड्यांचा स्टँड अख्खी खोली अडवतो, तिथे घर जागच्या जागी गोठवता येत नाही. म्हणून घरातल्या घरात एक गल्ली आखा. झोपायची जागा, पाण्याचं भांडं, बाथरूम आणि मुख्य दार यांना जोडणारी, भिंतीच्या कडेने जाणारी, दोन फूट रुंद वाट; लॅब्रेडॉर असेल तर अडीच. या वाटेवर बादली, चपला, सिलिंडर काहीही यायचं नाही. बाकीच्या घरात काय हवा तो पसारा घाला.

वाटेवर खालून रबर असलेली पट्टी अंथरा, कारण गुळगुळीत टाइल्सवर न दिसणारा कुत्रा पाय ताठ करून चालतो आणि जास्तच घसरतो. दारापाशी काथ्याचं पायपुसणं, पाण्याखाली रबरी मॅट. खुणा एवढ्याच पुरेत. प्रत्येक कोपऱ्यात वेगळं काही घातलं तर त्याला कशाचाच अर्थ लागत नाही. पायपुसणी दोन सारखी घ्या, म्हणजे एक धुवायला टाकली तरी खूण हलत नाही. वासाची खूण हवी असेल तर दाराच्या चौकटीला, त्याच्या नाकाच्या उंचीवर, व्हॅनिला इसेन्सचा एखादा थेंब. टी ट्री तेल आणि डांबरगोळ्या कुत्र्यांना विषारी आहेत. फिनाइलचा उग्र दर्पही खुणांचे वास बुजवतो, त्यामुळे ही पट्टी साध्या पाण्यानेच पुसायची, हे कामवाल्या ताईंनाही सांगा.

फरशीपासून त्याच्या डोळ्यापर्यंतची उंची मोजा आणि तिच्या वर-खाली चार बोटं येणारी प्रत्येक कड गुंडाळा. एसी दुरुस्तीवाल्याकडे पाइपवर चढवायचं काळं फोम मिळतं, ते उभं चिरलं की टेबलाच्या कडेवर नीट बसतं. सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे दाराआड उभा केलेला खराटा. तो आडवा ठेवा. आणि ग्रूमरला मिशा कापू देऊ नका, भिंत जवळ आल्याचं आता त्याला मिशाच सांगतात.

हात लावण्याआधी नाव घ्यायचं, मग खांद्याला स्पर्श. झोपेत दचकून चावलेला कुत्रा रागीट झालेला नसतो. शब्द चारच पुरेत: थांब, चढ, उतर, सावकाश. घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. आजीचं ‘हळू रे बाळा’ त्याच्यासाठी पाचवा, परका शब्द ठरतो. सतत कडेवर घेऊन फिरवू नका. उचललंच तर पाण्याच्या भांड्याशी नेऊन ठेवा, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला समजतं.

बाहेर हार्नेसच घाला. गळपट्टा ओढला की मानेसोबत डोळ्यातलाही दाब वाढतो. चार फुटी साधी दोरी, ठरलेला एकच रस्ता, गाड्यांची गर्दी सुरू होण्याआधी. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकपाशी ‘थांब’. जुन्या इमारतीतल्या जाळीच्या लिफ्टमध्ये उचलूनच घ्या, फटीत पंजा अडकतो. गल्लीतल्या कुत्र्यांच्या शेपटीचे इशारे याला दिसत नाहीत, म्हणून ओळखीच्यांशीही अंतर राखून.

गणपतीत मखर नेमकं त्याच्या वाटेवर येणार असेल तर आठ दिवस आधीच त्या जागी स्टूल ठेवून गल्ली वळवा आणि खाऊ हातात धरून रोज चार-पाच वेळा त्याला तिथून फिरवा. ढोल-ताशा दाराशी आला की आतल्या खोलीत न्या, त्या गोंगाटात त्याचे कानही कामाचे उरत नाहीत. विसर्जनानंतर गल्ली लगेच सरळ करायची घाई करू नका. तोवर त्याला वळणच पाठ झालेलं असतं.