लातूर–स्वारगेट, मशीनच्या खोलीतून

मी मुंबईतल्या एका कर्करोग रुग्णालयात रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे. लहान मुलांच्या केसेस माझ्याकडे बऱ्याच येतात, पण त्या सकाळबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं.

मुलगा सात वर्षांचा, लातूरकडचा. वडील एसटीत कंडक्टर. सकाळी उठल्या उठल्या उलट्या, डोकेदुखी, चालताना झोक जाणं. पित्ताची, जंताची औषधं देऊन झाली आणि मग एमआरआयमध्ये छोट्या मेंदूतली गाठ दिसली. मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांमध्ये होणारा मेंदूचा एक कर्करोग. गाठ काढली, पण ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच पोराची वाचा गेली. या ऑपरेशननंतर साधारण चार मुलांमागे एकाला असं होतं. बोलणं बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं. सर्जननी हे आईला नीट समजावलं होतं, तरी ती भेटेल त्याला विचारायची, "लेकरू बोलंना झालंय, बोलंल ना?"

या गाठीच्या पेशी मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यातून पसरू शकतात. म्हणून गाठीच्या जागेबरोबर सगळा मेंदू आणि पाठीचा कणाही रेडिएशनने शेकावा लागतो. त्याला मेंदू-कण्याला 23.4 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं माप) आणि गाठीच्या जागी एकूण 54 ग्रे द्यायचं ठरलं होतं. आठवड्यातून पाच दिवस, असे 30 दिवस. मध्ये खंड पडलेला चालत नाही. चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क, तो टेबलाला अडकवलेला, आणि पंधरा-वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही. आत त्या वेळी कुणालाच थांबता येत नाही. मोठी माणसंसुद्धा घाबरतात.

लहान मुलांना त्यासाठी रोज भूल देतात. पण भूल म्हणजे रोज उपाशीपोटी येणं, आणि या मुलाला गिळायलाच त्रास होत होता, वजन उतरत चाललं होतं. भुलीशिवाय जमतं का ते एकदा पाहू, असं डॉक्टरांनी ठरवलं. भुलीची टीम तयार ठेवली होती.

आम्ही टेबलावर झोपवून मास्क लावला आणि त्याचा श्वास भराभर चालू झाला. बोलता येत नव्हतं, रडण्याचाही आवाज नीट फुटत नव्हता. बाहेर येऊन मी त्याच्या वडिलांना माइकसमोर बसवलं आणि म्हटलं, "दादा, तुम्ही बोलत राहा. त्याला आत ऐकू जातं."

ते क्षणभर नुसते माइककडे बघत राहिले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, लातूर–स्वारगेट! मागं सरका, मागं जागा हाय. तिकीट घ्या तिकीट." आणि तोंडानेच डबल बेल दिली, "टिंग टिंग."

मुरूड. ढोकी. येडशी. प्रत्येक थांब्याला कोण चढलं, कोण उतरलं, हे ते सांगत होते. ढोकीला एक आजी कोंबडी घेऊन चढल्या, कोंबडीचं अर्धं तिकीट काढलं. मी सीसीटीव्हीवर मुलाची छाती बघत होते. श्वास संथ होत गेला. बार्शी आली, वडिलांनी "टिंग टिंग" केलं आणि आईने माझा हात धरला. "मॅडम, त्याचं बोट बघा." अंगाशी ठेवलेल्या उजव्या हाताची तर्जनी दोनदा वाकली होती. दोरी ओढावी तशी. पुन्हा कुर्डुवाडीला दोनदा. टेंभुर्णीला दोनदा. ऑपरेशननंतर त्याने कुणाला मुद्दाम दिलेला तो पहिलाच प्रतिसाद होता, आणि डोकं, खांदे, पाठ तसूभरही हलली नव्हती.

इंदापूरच्या पुढे वडिलांचा आवाज बसला. ते थांबले. आई पुढे झाली. तिला पुढचे थांबे ठाऊक नव्हते. ते तिच्या कानात सांगत होते आणि ती माइकवर म्हणत होती. भिगवण, पाटस, चौफुला, यवत. हडपसरला मशीन थांबलं.

मला त्या दोघांचं फार कौतुक वाटतं, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांचंही. वडिलांच्या डेपोतल्या सोबत्यांनी ड्यूट्या वाटून घेतल्या, म्हणून त्यांना लांबलचक रजा मिळाली. मोठी बहीण नववीत, ती गावी आजीजवळ राहिली. तिची घुसमट आमच्यापैकी कुणाला दिसत नव्हती. आजारी मुलाच्या भावंडांना आपण कुणीच फारसं विचारत नाही, हे मला पटत नाही. तिला या बसच्या खेळाबद्दल सांगितलं तेव्हा तिने फोनवर जत्रेच्या जादा गाडीचा एक मार्ग रचून पाठवला, तुळजापूरचा. आई-वडील दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होते. तिथल्या इतर बायकांनी आईला मऊ भात, पेज, काय गिळलं जातं ते शिकवलं.

पूर्ण रेडिएशन भुलीशिवाय झालं, एकही दिवस न चुकता. शेवटाकडे तो एक शब्द बोलला, "पाणी". अक्षरं ओढत, पण स्पष्ट. आई त्या दिवशी मशीनजवळच्या प्रत्येकाला पेढा देत होती, भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोन.

आता केमो सुरू आहे. त्यातल्या सिस्प्लॅटिन या औषधाने ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून मध्ये मध्ये कानाची तपासणी, तोल सावरायला फिजिओथेरपी. पुढे उंची, थायरॉइड, शाळेत लिहिण्या-वाचण्याचा वेग, हे सगळं अनेक वर्षं बघावं लागणार आहे. आईने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दुसरीच्या वर्गशिक्षिकांचा फोन नंबरही लिहिला. वडील कामावर रुजू झालेत. केमोच्या तारखांना सुट्टी मिळावी म्हणून रात्रपाळ्या घेतात.