सीओपीडी आणि तोलाचे व्यायाम: पाच आठवडे कुठे अडलं, माझा अनुभव

बाबांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, गंभीर गटातला. स्पायरोमेट्रीत (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा, अपेक्षित आकड्याच्या ३६ टक्के आला. ३० ते ४९ म्हणजे गंभीर. घरी ऑक्सिजनचं मशीन, नाकाला नळी. पल्मनरी रिहॅबला, म्हणजे फुप्फुसांच्या रुग्णांसाठीच्या व्यायाम कार्यक्रमाला, नाव घातलं, तिथे सायकल, चालणं, हातांचे व्यायाम सगळं सुरळीत सुरू झालं. अडलं ते तोलावर.

तपासणीच्या फॉर्मवर एकच रकाना होता: सहा मिनिटांत किती चालले. ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना शंकू, शेवटी मीटर मोजायचे. बाबा २७० मीटर चालले आणि शेरा पडला, ‘चाल समाधानकारक’. मी सांगितलं की त्यांचा दोनदा तोल गेलाय, एकदा मोरीच्या उंबऱ्यावर आणि एकदा रात्री पलंगावरून उठल्या उठल्या. उत्तर मिळालं, “चालतात ना नीट? पायात ताकद आली की तोल आपोआप येईल.” पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्याही खेपेला तेच. पाच आठवडे गेले.

तोल आपोआप येत नाही. श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा श्वासाचा स्नायू, दोन कामं करतं, श्वास घ्यायचा आणि धड स्थिर ठेवायचं. धाप लागली की ते श्वासाच्याच मागे लागतं आणि धड सैल पडतं. मांडीचे स्नायू आधीच गळालेले असतात, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतल्या असतील तर स्नायू आणि हाडं दोन्ही कमजोर होतात. त्यामुळे एकदा पडणंसुद्धा खुब्याच्या हाडावर बेतू शकतं. टोरांटोच्या वेस्ट पार्क केंद्रातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याच प्रश्नावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीच्या रिहॅबला आठवड्यातून तीनदा अर्ध्या तासाच्या तोलाच्या व्यायामांची जोड दिली, सहा आठवडे. ज्यांना ही जोड मिळाली त्यांचा तोल नुसत्या रिहॅबवाल्यांपेक्षा जास्त सुधारला.

शेवटी गाडी हलली ती चाचणीचं नाव घेऊन मागितल्यावर. “तोल तपासा” म्हटलं की कोणी मनावर घेत नाही. “टाइम्ड अप अँड गो आणि बर्ग स्केल करून आकडे लिहून द्या” असं म्हणा. पहिल्या चाचणीत हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. बाबांना १९ लागले. बर्गमध्ये १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६. बाबांना ४० मिळाले, आणि गुण गेले ते नेमके वळताना, एका पावलापुढे दुसरं टेकवून उभं राहताना आणि एका पायावर. सरळ कॉरिडॉरमध्ये यातलं काहीच दिसत नाही. दोन्ही चाचण्यांना मिळून अर्धा तासही लागला नाही. लागलं काय, तर खुर्ची, पायरी, मोजपट्टी, स्टॉपवॉच. त्यासाठी माणूस पाच आठवडे धोक्यात राहिला, याचा राग अजून गेलेला नाही.

व्यायाम फिजिओथेरपिस्ट ताईंनी बसवून दिले, घरी आम्ही ओट्यासमोर करतो. पुढे ओटा, मागे खुर्ची. कमरेला रुंद पट्टा, आणि मी किंचित मागे, त्यांच्या कमजोर बाजूला, पट्ट्याला हात घालून. दंड धरायचा नाही. दंड ओढला गेला की उलट तोल जातो. आधी पाय जुळवून ३० सेकंद, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाच-अंगठा एका रेषेत, मग एक पाय उचलून १० सेकंद. एक टप्पा तीनदा स्थिर जमला तरच पुढचा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची: आधी ओट्यावरचा हात सोडायचा, नंतर पायाखाली घडी घातलेली सतरंजी, आणि डोळे मिटणं सगळ्यात शेवटी.

सगळ्यात जास्त चूक श्वासाची होते. तोल सांभाळायला लागले की बाबा नकळत श्वास कोंडतात आणि मिनिटभरात धापतात. त्यावर उपाय म्हणून ओठ शिट्टीसारखे करून हळू श्वास सोडायचा, आणि उठण्याचा जोर नेहमी श्वास सोडतानाच. उभं असताना सोडत्या श्वासावर पुटपुटत आकडे मोजायला लावले, की कोंडणं बंद होतं. धाप ० ते १० मध्ये ३-४ पर्यंत चालते, ५ झाली की बसायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबायचं. बोटावरचा आकडा उशिरा उतरतो, म्हणून थांबल्यावरही अर्धा मिनिट बघत राहा. बोटं गार असली किंवा नखांना मेंदी असली तर आकडा फसवतो. मशीनचा फ्लो मनाने वाढवायचा नाही, व्यायामाच्या वेळी किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

वळताना टाचेवर गरकन फिरायचं नाही, चार-पाच छोटी पावलं टाकत वळायचं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, म्हणजे नळी पायाभोवती गुंडाळली जात नाही. आमची नळी पारदर्शक आणि फरशी पांढरी, त्यामुळे ती दिसायचीच नाही. आता दर हातभर अंतरावर लाल टेप लावली आहे.

आधी सांगायला हवं होतं: श्वासाचा पंप (इनहेलर) व्यायामाच्या १५-२० मिनिटं आधी घ्यायचा, जेवणानंतर दीड तास जाऊ द्यायचा, आणि कफ काढूनच उभं राहायचं. फरशीवर मोजे घालून किंवा सैल चपलेत व्यायाम नको. कफाचा रंग बदलला किंवा धाप एकदम वाढली, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. उठताना चक्कर आली तर बसवून रक्तदाब बघा.

सहा आठवड्यांनी १९ सेकंदांचे १३ झाले आणि बर्ग ४७ वर आलं. मोरीचा उंबरा ते आता कठडा धरून, बाजूला वळून ओलांडतात. फॉर्मवर तोलाचा रकाना अजूनही नाही, म्हणून दर फॉलो-अपला दोन्ही आकडे मी खालच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहून देते आणि त्यापुढे तपासणाऱ्याची सही घेते.