आमची वाटचाल : रंगाखालची फ्रेम

आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या मोटरसायकलची फ्रेम आली की पहिल्या दिवशी तिला कुणी हत्यार लावत नाही. रॉकेलने पुसायची, चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि वहीत तिचं पान उघडायचं. कोणतं भोक कशासाठी, कोणत्या ब्रॅकेटवर काय बसतं, नंबर कुठे ठोकलाय, लांबीचा, म्हणजे भरलेल्या पुट्टीचा, संशय कुठे येतो, सगळं त्या पानावर. नव्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला ती वही या धंद्यातली सगळ्यात मोलाची वस्तू वाटते.

सुरुवात मी आणि माझ्या मामांनी केली. मामांचा जन्म पेंटिंगमध्ये गेलेला, मला वेल्डिंग येत होतं. रंग चांगला बसला की काम झालं, अशी दोघांचीही समजूत. रंग काढायला मिथिलीन क्लोराइडचं स्ट्रिपर वापरायचो. लावलं की थोड्याच वेळात रंगाला सुरकुत्या पडतात आणि पापुद्रे सुटतात, त्यामुळे ते फार सोयीचं वाटायचं. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत खाली साचते आणि श्वासातून गेली की शरीरात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. संध्याकाळी मामांचं डोकं ठणकायचं आणि आम्ही थिनरला दोष द्यायचो. कारण कळलं त्या दिवशी तो डबा बंद केला. जुन्या रंगांत शिसंही असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारणं थांबवलं. हाताने घासायचं ते पाणी लावूनच. बाकीचं काम ब्लास्टिंगवर, म्हणजे हवेच्या दाबाने कणांचा मारा करून रंग उडवण्यावर गेलं. तेही बंद केबिनमध्ये आणि गार्नेट या खनिजाच्या कणांनी, कारण साध्या वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो.

ब्लास्टिंग सुरू केल्यावर मला खऱ्या अर्थाने फ्रेम दिसायला लागली. बऱ्याच जुन्या फ्रेमचे पाइप ओतीव लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या खोबणीत, बसवून पितळ वितळवून जोडलेले (ब्रेझ केलेले) असतात. रंग उतरला की राखाडी लोखंडावर लगच्या कडेने पितळेची सोनेरी रेघ उजळून निघते. कुठे ती केसाएवढी बारीक, कुठे पितळ जरासं ओघळून थिजलेलं. ज्याने तो जोड केला त्याचा हात तिथे समोर दिसतो. मी अजूनही दर वेळी त्या रेघेवरून नजर फिरवतो, कारण तडा जायचा तर बहुतेक वेळा तिच्याच आसपास जातो. एका फ्रेमच्या पुढच्या पाइपवर लांबी भरून अख्खा तडा झाकलेला सापडला होता. गाडी तशीच रस्त्यावर चालत होती.

आणि मग १९७१ च्या ट्रायम्फचं काम आलं. त्या वर्षी ट्रायम्फ आणि बीएसए या ब्रिटिश कंपन्यांच्या ६५० सीसी गाड्यांची फ्रेम बदलली. तेलाची वेगळी टाकी गेली आणि फ्रेमचा मधला जाड पाइपच इंजिन ऑइलची टाकी झाला. हे आम्हाला माहीत होतं. तोंडं बंद करून ब्लास्टिंग केलं, पाइप एकदा रॉकेलने धुतला, वर काळा रंग असा बसला की मामा स्वतः दोनदा मागे येऊन बघून गेले. पण कापडाचा एक बोळा सैल होता. आत गेलेले गार्नेटचे कण जुन्या तेलाच्या थराला चिकटून बसले. नवीन तेल गरम झालं तसे ते सुटले. खालच्या जाळीने मोठे कण अडवले, बारीक गेले थेट पंपात. ग्राहकाने इंजिन उघडून आतलं शेल बेअरिंग, फिरत्या भागाखालची धातूची वाटी, माझ्या हातावर ठेवलं. नखाने जाणवतील असे चरे होते त्यावर. ते काही बोलले नाहीत. मामाच म्हणाले, "साहेब, इंजिन आमच्याकडे द्या. खर्च आमचा." त्यानंतर कित्येक महिने आम्ही ओढाताणीत काढले, पण तो निर्णय चुकला असं मला कधी वाटलं नाही.

वही तेव्हा सुरू झाली. आता प्रत्येक भोकाला आट्याचं किंवा रबरी बूच बसतं आणि किती लावले, किती काढले याची नोंद होते. ब्लास्टिंगनंतर फ्रेम उलटीसुलटी टांगून लाकडी हातोडीने ठोकतो. पाइपमध्ये तेल राहत असेल तर तो पुन्हा पुन्हा धुऊन, निघालेलं द्रव पांढऱ्या कापडातून गाळतो. कापडावर एक कणही दिसला तर पुन्हा पहिल्यापासून.

यापुढे मात्र घाई करावीच लागते. उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत तांबूस होतं, घामेजल्या बोटाचा ठसासुद्धा गंजून उठतो. म्हणून हातमोजे घालूनच हात लावायचा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा. बॉल रेसरच्या, म्हणजे हँडलच्या बेअरिंगच्या जागा, मागच्या चाकाच्या स्विंगआर्मचा पिव्हट, अर्थिंगची जागा टेपने झाकलेली असते. वरचा रंग टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा; त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. त्याला धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, त्यासाठी बाहेरून हवा देणारा हूड घेतला. हूड येईपर्यंत आम्ही टू-पॅकची कामं घेतली नाहीत.

पावडर कोटिंग का करत नाही, असं बरेच जण विचारतात. पावडर दणकट असते, रोज वापरायच्या गाडीला मी स्वतः तीच सुचवतो. पण तिचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. त्यात लगच्या कडा बोथट दिसतात आणि ठोकलेला नंबर भरून जातो. जुन्या गाडीची ओळख त्या नंबरात असते, तो बोटांना लागलाच पाहिजे. शिवाय पावडर पक्की व्हायला १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. पितळेच्या जोडाला त्याने काही होत नाही, पण पूर्वी कुणी शिशाचा झाळ भरून खड्डा बुजवला असेल तर तो भट्टीत मऊ पडतो. मामा आता रोज येत नाहीत, पण शेवटच्या हातासाठी गन त्यांच्याच हातात असावी असा माझा हट्ट असतो.

आज सकाळी एक फ्रेम आली आहे. तिचं पान अर्धं भरून झालंय. डाव्या फूटरेस्टच्या वर एक आट्याचं भोक आहे, ते कशासाठी ते अजून सापडलेलं नाही. ते सापडेपर्यंत ती टेबलावरच राहील.