घाटात न्यूट्रल

जुलै 2021. पेट्रोल शंभरी ओलांडून गेलेलं, डिझेल नव्वदीच्या पुढं. चाळीसगावच्या आमच्या गॅरेजात गिऱ्हाईक सर्व्हिसिंग पुढं ढकलत होतं. जुन्या दुचाकीवाले कार्बोरेटर आवळून मागत होते. फाटकावर गाडी बंद करायची सवय मात्र तेव्हाच लागली, ती चांगली.

एका दुपारी कन्नड घाट उतरून पिकअप आली. अद्रकाची पोती, दीडेक टन माल. गाडी दारात लागायच्या आधीच जळका वास. पेडल जवळजवळ तळाला जात होतं. चाक खोललं तर डिस्क निळी पडलेली, पॅड काचेसारखे चकाकणारे. थोडं ब्रेक ऑइल बाटलीत काढलं, ते कोऱ्या चहासारखं निघालं. जुनं ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 3 प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर 140 च्या आसपासच. उकळलं की नळीत वाफ होते, पेडल पोकळ लागतं.

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, डिझेल महाग व्हई गयं. घाटात न्यूट्रल करीसन गाडी बंद करी देस."

ब्रेक थंड झाल्यावर त्याला सीटवर बसवलं. इंजिन बंद ठेवून पेडल दाबायला लावलं. दोन-तीनदा नरम, मग दगड. बूस्टर पायाचा जोर वाढवतो, आणि त्याला व्हॅक्युम देणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, तर साठलेला व्हॅक्युम तेवढ्यातच संपतो. चाकावरचा जोर पूर्ण पायाचा. पॉवर स्टेअरिंगही जड. आणि न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार पॅडवर.

वाचतं किती? कॉमनरेल, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल बंदच करतात, चाकं इंजिनाला फिरवतात. जे बंद करून मिळवायचं, ते गिअरमध्येच मिळतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवलं, तर उलट आयडलचं डिझेल जळतं. म्हणून ज्या गिअरात चढलात, त्याच गिअरात उतरा. जुने ड्रायव्हर हेच सांगायचे, ते खरंच आहे.

पॅड बदलले, डिस्क बदलल्या, नवं ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेक-नळ्यांतली हवा काढली. मग टायर बघितले. मागच्या चाकांना त्या मालाला 60 पॉइंट (पीएसआय) हवा लागते, होती 45. कमी हवेवर टायर जड फिरतो, त्याचं डिझेल तिथं जात होतं.