दुपारचे बारा, पण कुठले?

मी ज्या बोलिव्हियन बेकरीत काम करते ती व्हर्जिनियात, आर्लिंग्टनच्या कोलंबिया पाइकजवळच्या एका गल्लीत आहे. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिथे उभं राहायला जागा नसते, कारण साल्तेन्या खायची वेळ तीच. बोलिव्हियन माणूस साल्तेन्या संध्याकाळी खात नाही. दुपारी एकनंतर कुणी मागायला आलं तर तो नवखा आहे हे आम्हाला लगेच कळतं.

साल्तेन्या दिसायला जाडसर करंजीसारखी, फक्त मुरड वरच्या बाजूला. सारण आदल्या रात्री शिजवून, जिलेटिन घालून गार करतात. थिजलेलं असतं म्हणून भरता येतं आणि भट्टीत गेलं की त्याचा रस्सा होतो. ती उभी धरायची, वरचं टोक चावायचं, आधी रस्सा प्यायचा आणि मग खाली उतरायचं. आपली मराठी मंडळीही अधूनमधून येतात आणि “भाजीची आहे ना?” म्हणून विचारतात. मी त्यांना आधीच सांगते की भाजीच्या साल्तेन्यातही आमच्याकडे जनावरांपासून काढलेलं जिलेटिन आहे, आणि कुन्यापे नावाचा तो टॅपिओकाच्या पिठाचा चीज घातलेला गोळा, त्यात अंडं आहे. काहीजण हिरमुसून परत जातात. गेले तरी चालेल, पण न सांगता विकणं मला जमणार नाही.

आर्लिंग्टनला गमतीने आर्बोलिव्हिया म्हणतात. अमेरिकेत सगळ्यात जास्त बोलिव्हियन लोक व्हर्जिनियात आहेत आणि आमच्या भागातले बरेचसे कोचाबांबाच्या खोऱ्यातले, पुनाता, क्लिसा, ताराता, आर्बिएतो अशा गावांचे. 1980 च्या दशकात आधी दुष्काळ पडला, मग महागाई इतकी भडकली की सकाळची नोट संध्याकाळी हलकी व्हायची, आणि 1985 मध्ये कथलाचे भाव कोसळून खाणी बंद पडल्या. तेव्हा निघालेल्यांच्या मागे भाऊ आले, भाच्या आल्या. आज काउंटरवर आजी क्वेचुआत बोलते, मुलगी स्पॅनिशमध्ये आणि नात इंग्रजीत. मला त्यातली स्पॅनिश बऱ्यापैकी कळते. विकणारी आणि नेहमीचं गिऱ्हाईक तिथे एकमेकींना ‘कासेरीता’ म्हणतात, तशी मीही आता बऱ्याचजणींची कासेरीता आहे. डझनावर एखादा पाव वर टाकला नाही तर या कासेरीता रागावतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

या गिऱ्हाइकांना नुसता पाव नको असतो, आपल्या गावचा पाव हवा असतो. ला पाझच्या माणसाला मार्राकेता कुरकुरीतच लागतो. कोचाबांबाची बाई टोमॅटो आणि लोकोतो मिरचीची चटणी, ल्याह्वा, चाखते आणि यात किर्किन्याचा पाला कमी पडलाय असं तोंडावर सांगते. आमचे बेकर स्वतः ला पाझचे आहेत. ते शहर 3,600 मीटरवर, तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पीठ भराभर फुगतं. इथे जवळजवळ समुद्रसपाटीला, त्यातही उन्हाळ्याच्या दमट हवेत, त्यांना यीस्ट, पाणी, वेळ असं सगळं नव्याने बसवावं लागलं. ते म्हणतात, हातांना अजून ला पाझच आठवतं.

हे हात 1 नोव्हेंबर 2025 ला कसे वागले ते मला सांगायचं आहे.

1 नोव्हेंबर म्हणजे तोदोस सांतोस. त्या दिवशी दुपारी बाराला गेलेल्या माणसांचे आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत जातात. त्यांच्यासाठी टेबल मांडतात, कोचाबांबाकडे त्याला मास्ताकु म्हणतात. गेलेल्याचा फोटो, त्याचं आवडतं जेवण, पेय, उसाची कांडी, फुलं, मेणबत्त्या, आणि मुख्य म्हणजे पाव. पावाची शिडी, आत्म्याला उतरायला आणि चढायला. पावाचा घोडा, ओझं वाहायला. आणि पावाची माणसं. ला पाझचे लोक त्यांना तांतावावा म्हणतात आणि चेहऱ्याच्या जागी रंगवलेला प्लास्टरचा छोटा मुखवटा बसवतात. खोऱ्यातले लोक उर्पु म्हणतात. माणूस गेल्यावर पहिली तीन वर्षं हे टेबल नीट, सगळं मांडून करायचं असतं.

ऑर्डरची वही माझ्याकडे असते. या पावांची ऑर्डर आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर बंद करतो, आणि त्या शनिवारी साडेदहापर्यंत मागची सगळी खोकी गेली होती. तेवढ्यात बांधकामाचे बूट घातलेला एक माणूस रांगेतून पुढे आला आणि दोन मोठे उर्पु मागू लागला. नाव वहीत नव्हतं. मी संपले म्हणून सांगितलं. तो हलला नाही. “कुणासाठी होते?” मी विचारलं. त्याने फोन पुढे केला. दोन वेण्या, घोळदार झगा, डोक्यावर खोऱ्यातल्या बायकांची उंच पांढरी हॅट. “आई,” तो म्हणाला. “मार्चमध्ये गेली. क्लिसाला. मला जाता आलं नाही.” का, हे आमच्या काउंटरवर कुणी कुणाला विचारत नाही. दरवर्षी हे सगळं आईच करायची, आणि कुठे काय ठेवायचं ते आपण कधी नीट पाहिलंच नाही, असंही तो म्हणाला.

मालकीणबाईंनी आत हाक मारली. बेकरनी घड्याळ पाहिलं. गोड पावाचं, अंडी आणि बडीशेप घातलेलं पीठ एका परातीत उरलं होतं, दुपारच्या बनांसाठी राखलेलं. त्यांनी ते सरळ ओट्यावर उलटलं. मुखवटे संपले होते, म्हणून चेहराही पिठाचाच करायला घेतला. धड, झगा, दोन वेण्या, सगळं बघता बघता झालं, आणि मग त्यांनी डोक्यावर हॅट बसवली ती छोटी, गोल, ला पाझच्या बायका घालतात तशी.

रांगेतल्या पुनाताच्या एक आजी ते काउंटरवरून बघत होत्या. “अहो, ही तुमच्याकडची हॅट,” त्या म्हणाल्या. “ती क्लिसाची होती. मुलगा तिला ओळखेल का?” बेकर काही बोलले नाहीत. हॅट काढली, पीठ पुन्हा गोळा केलं आणि फोनमधला फोटो शेजारी ठेवून उंच हॅट केली, रुंद काठाची. आजी हात धुऊन आत आल्या आणि डोळ्यांच्या जागी लवंगा खोचल्या. आरोग्य खात्याच्या नियमात हे बसत नाही. मालकीणबाईंनी त्यांना टोपी आणि हातमोजे दिले आणि पुढचं बोलणं थांबवलं.

पाव फुगायला ठेवले तेवढ्या वेळात आजींनी त्या माणसाला एका पिशवीच्या मागे टेबल काढून दाखवलं. फोटो कुठे, शिडी कुठे, पाण्याचा पेला कुठे. रांगेतली ला पाझची एक बाई मधेच म्हणाली, आमच्याकडे असं नसतं, आणि पाचएक मिनिटं दोघींचं चांगलं जुंपलं. तो माणूस दोघींचंही लिहून घेत होता. मागच्या लोकांच्या साल्तेन्या गार होत होत्या तरी एकानेही घाई केली नाही.

मग त्याने जे विचारलं त्याने सगळेच गप्प झाले. बोलिव्हियात घड्याळं वर्षभर एकच असतात. आमच्याकडे उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळं एक तास पुढे, चालू असेपर्यंत व्हर्जिनियाचे बारा आणि क्लिसाचे बारा एकदमच वाजतात. पण उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते, आणि तो रविवार दुसऱ्याच दिवशी होता. म्हणजे आई यायची ती दोन्हीकडे एकाच वेळी येणार. जायची वेळ मात्र तिथे बारा तेव्हा इथे अकरा. “बहिणीने तिकडे टेबल मांडलंय. मी इथलं टेबल कधी उचलू? आई तिकडे निघून गेलेली असली तर?”

मला त्याचा प्रश्न एका क्षणात कळला. सप्टेंबरमध्येच आमच्या घरी सासऱ्यांच्या श्राद्धावरून हाच वाद झाला होता, तिथी भारतातली धरायची की इथल्या सूर्याची. इकडच्या कितीतरी मराठी घरांत तो दरवर्षी होतो. पंचांग इथलंच धरावं या मताची मी आहे, कारण जेवण इथे वाढलेलं असतं. पण हे मत त्याला सांगण्याचा अधिकार माझा नव्हता, आणि आजीसुद्धा पहिल्यांदाच गप्प होत्या. “बहिणीला विचार,” मालकीणबाई म्हणाल्या.

त्याने तिथेच व्हिडिओ कॉल लावला. क्लिसाला मागे मुलांचा गोंगाट, टेबलावर उसाची कमान. त्याने घड्याळाचं सगळं समजावून सांगितलं. बहिणीला हिशेब दोनदा सांगावा लागला. मग ती म्हणाली, “मी माझ्या बाराला उचलते. तू तुझ्या बाराला उचल. मार्चमध्ये तुला भेटली नव्हती ना, एक तास तुझ्याकडे जास्त थांबेल.”

बेकर भट्टीकडे वळले. पुनाताच्या आजींनी स्वतःच्या खोक्यातली शिडी काढून त्याच्या पिशवीत घातली. पाव बाहेर आले तेव्हा अकरा चाळीस झाले होते. एका वेणीला चीर गेली होती. तो गरम पाव कागदात धरूनच पळाला. पैसे दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं.

रविवारी दुपारी तो टोपली घेऊन आला. टेबल उचललं की तिथले पाव, बिस्किटं आत्म्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना वाटायची असतात आणि त्याच्या खोलीवर प्रार्थना करायला तो एकटाच होता. रांगेतल्या लोकांनी टोप्या काढून ‘आमच्या बापा’ म्हटलं, एकदा स्पॅनिशमध्ये आणि एकदा क्वेचुआत. मी हात जोडून उभी राहिले आणि मला येतं ते मनात म्हटलं. मलाही पावाचा तुकडा मिळाला.

आदल्या दिवसाचे पैसे देऊन झाल्यावर त्याने पुढच्या वर्षीची ऑर्डर लिहायला सांगितली. मी वही उघडून लिहिलं: दोन मोठे उर्पु, एक शिडी, एक घोडा, हॅट क्लिसाची. मग कॅलेंडर काढलं. 2026 मध्ये पहिला रविवार 1 नोव्हेंबरलाच येतो, म्हणजे पुढच्या वर्षी आईची यायची वेळसुद्धा तिथे बारा आणि इथे अकरा अशी पडणार. कुठले बारा धरायचे ते बहिणीशी बोलून सांगतो म्हणाला. मी त्याच्या नावापुढे लिहून ठेवलंय: पाव सकाळी दहाला तयार.