अंबाझरीवर बगळ्याचं पीस न् पीस टिपायचं तर

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर सकाळी उभं राहिलं की सूर्य पाठीशी आणि तलाव समोर. जागा हीच धरा. बगळ्याचा फोटो बहुतेकांचा एकाच कारणाने बिघडतो: मागे काळपट पाणी असतं, कॅमेरा त्याला उजळवायला जातो आणि पांढरी पिसं चुन्यासारखी सपाट होतात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो गडद-उजळ करायची सेटिंग, −०.७ पासून सुरू करा, स्क्रीनवर पिसं लुकलुकली (म्हणजे तिथला तपशील जळाला) तर −१.३ पर्यंत उतरा. तोच बगळा उडून उजळ आभाळासमोर आला की उलट +०.७ लागतं. डायल बघायला वेळ मिळत नाही, बोटाला सवय हवी.

कवड्या खंड्या मासा हेरताना हवेत एकाच जागी फडफडतो. तेव्हाच शटर १/२५०० सेकंदावर ठेवून बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची फैर सोडा, सूर मारल्यावर फार उशीर होतो.

ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरते. मग ६०० एमएमची लांब पल्ल्याची लेन्सही दूरचं बदक पुसटच देते. फोकस बिचारा बरोबर असतो! अशा वेळी काठाजवळची टिटवी शोधावी. मात्र ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर जवळ घरटं आहे. लगेच मागे फिरा.